जुनी मसल कार (दणकट इंजिनाची अमेरिकन गाडी) कापून-बदलून शोमध्ये ठेवली तर तिची किंमत उतरत नाही का?

कुठली गाडी कापली, त्यावर आहे. शेव्हरलेच्या १९६९च्या झेडएल१ कॅमॅरो फक्त ६९ बनल्या. मूळ इंजिन शाबूत असलेल्या तसल्या गाडीला कुणी ग्राइंडर लावला, तर पैसे पाण्यातच गेले.

पण १९६५ची शेव्हरले इम्पाला घ्या. ती लाखांनी खपली होती, त्यामुळे एक कापली म्हणून कुणी रडणार नाही. चिप फूस या अमेरिकन कार-डिझायनरने तशीच एक घेऊन तिची बॉडी कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या चेसिसवर (खालच्या सांगाड्यावर) बसवली, नाव ठेवलं 'इम्पोस्टर', म्हणजे तोतया. ऐकायला सोपं वाटतं. इम्पालाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११९ इंच, त्या कॉर्व्हेटचा जेमतेम १०६. म्हणजे फुटाहून जास्त लांबी काढायची आणि तरी बघणाऱ्याला 'ही इम्पालाच' वाटलं पाहिजे. खरी कारागिरी इथे आहे. क्रोम आणि रंग नंतरचे.

२०१५मध्ये या गाडीला डेट्रॉइट ऑटोरामा या कस्टम गाड्यांच्या शोमध्ये रिडलर हा तिथला मानाचा पुरस्कार मिळाला. त्याची अट कडक: गाडी आधी कुठल्याही शोमध्ये दिसलेली चालत नाही. आधी आठ गाड्या निवडतात, मग त्यांतून एक. रोख बक्षीस १०,००० डॉलर, म्हणजे असल्या गाडीच्या खर्चापुढे चणे-फुटाणे!

विकत घेणार असाल तर ट्रॉफीच्या फोटोवर जाऊ नका (ट्रॉफ्या गल्लोगल्ली मिळतात). कुठला शो, कुठला वर्ग, कुणी बांधली आणि वेल्डिंगच्या वेळचे फोटो आहेत का, ते विचारा. गुळगुळीत रंगाखाली पत्र्याचे खड्डे बुजवणारी पुटी किती भरलीय, ते त्या फोटोंवरूनच कळतं.