घारीचं घरटं पहिल्यांदाच बघताय ना?

कॉलनीच्या बागेत घारीचं घरटं म्हणजे लॉटरीच लागली की! दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) असेल तर उत्तम, नसली तरी अडत नाही. झाडाखाली मात्र उभे राहू नका. चाळीस-पन्नास पावलं लांबचा एक बाक धरा, रोज तोच. घार महिनाभर अंड्यांवर बसते, फारसं काही घडत नाही. नवखे तिथेच कंटाळतात.

नेहमीच्या चुका:
- पिल्लं असताना जवळ जाणं. माझी टोपी एकदा घारीनं उडवली आहे!
- घरट्याचा पत्ता ग्रुपवर टाकणं.
- खाली पडलेलं पिल्लू घरी नेणं. आधी वनखात्याला कळवा.

काड्यांत चिंध्या, प्लास्टिक दिसेल. मला तर पायमोजाही दिसला होता. कॅमेऱ्याचं नंतर बघू. उद्या फक्त वही-पेन्सिल घेऊन जा.