लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आश्रमात जाऊ नका

प्रिय चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिळाले. यंदाच्या दिवाळीत घरातल्या सगळ्यांनी मिळून कुणासाठी तरी काही करावे असे तुमच्याकडे ठरले, आजीने त्यासाठी चकलीची भाजणी जास्तीची दळून आणायला सांगितली आणि धाकट्या बहिणीने आपल्या फटाक्यांचे पैसे त्यात घातले, हे वाचून बरे वाटले. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी गाडी करून जवळच्या बालकाश्रमात फराळ आणि कपडे घेऊन जाण्याचा तुमचा बेत मात्र मला पटलेला नाही. तू मोकळेपणाने मत विचारले आहेस, म्हणून मीही ते आडपडदा न ठेवता लिहितो.

ओळखीच्या एका वसतिगृहात मी पूर्वी ओळीने तीन दिवाळ्यांना गेलो आहे. त्या चार-पाच दिवसांत तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत गाड्या येत असत. प्रत्येक गाडीमागे मुलांना रांगेत उभे करायचे, त्यांनी प्रार्थना म्हणायची, पाहुण्यांच्या मुलांच्या हातून डबा घ्यायचा आणि फोटो निघेपर्यंत हसत राहायचे, असा क्रम असे. एका दुपारी सहावे कुटुंब आल्यावर आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने तिथल्या बाईंना हळूच विचारले, ‘हे गेल्यावर तरी खेळायला जाऊ का?’ मी त्या सहाव्या कुटुंबाबरोबर होतो. त्याच वसतिगृहात डिसेंबरात गेलो तेव्हा कोठीत चिवड्याचे डबे खवट होऊन पडले होते, आणि अंगाचा साबण व वह्या संपल्यामुळे बाई दुकानदाराकडे उधारीची विनंती करत होत्या. देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. सगळ्यांनी एकाच आठवड्यात एकच वस्तू नेली, आणि काय हवे आहे हे आधी कुणी विचारले नाही, इतकेच. तेव्हा आश्रमात जरूर जा, पण आधी फोन करून काय कमी पडते आहे आणि ते कोणत्या महिन्यात लागेल, एवढे दोन प्रश्न विचार, आणि उत्तर मिळेल त्याप्रमाणे जा, मग ती तारीख फेब्रुवारीतली का असेना.

दिवाळीच्याच दिवसांत ज्याची खरोखर टंचाई होते ते म्हणजे रक्त, आणि माझा जन्म रक्तपेढीत गेल्यामुळे त्याविषयी मी थोडे सविस्तर लिहिणार आहे. शिबिरे मुख्यतः महाविद्यालयांत, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत होतात. सुट्टी लागली की ती तिन्ही बंद होतात आणि नेहमीचे रक्तदाते गावी किंवा सहलीला जातात. रुग्णांना सुट्टी नसते. थॅलेसेमिया हा जन्मजात रक्तविकार असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि ती तारीख नरकचतुर्दशीला आली म्हणून पुढे ढकलता येत नाही. त्यात पावसाळा सरता सरता डेंग्यूचे रुग्ण वाढलेले असतात, त्यामुळे प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींची, मागणी नेमकी याच सुमारास चढते. रक्तातल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस साठवता येतात, पण प्लेटलेट फक्त ५ दिवस टिकतात. म्हणजे नवरात्रात कितीही मोठे शिबिर घेतले तरी त्यातल्या प्लेटलेट लक्ष्मीपूजनापर्यंत उरत नाहीत. त्या दिवसांसाठीचे रक्त त्याच दिवसांत द्यावे लागते. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला एका दिवसात शेकडो पिशव्या गोळा करून त्याचा फलक लावणाऱ्यांना हे गणित समजावण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि त्यात मला फारसे यश आले नाही, हेही सांगून टाकतो.

म्हणून कॉलनीत मोठे शिबिर भरवण्याच्या फंदात तुम्ही पडू नका. जवळच्या रक्तपेढीला आत्ताच फोन करून त्यांना कोणत्या दिवशी किती दाते हवे आहेत ते विचारा, आणि धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत रोज दोघे-तिघे जातील अशी वाटणी करा. दात्याचे वय १८ ते ६५ असावे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे, दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. उपाशीपोटी जाऊ नये, त्यामुळे उपवासाचा दिवस टाळावा. तू आणि बाबा रक्त देऊ शकाल. आईचे हिमोग्लोबिन कमी भरले आणि तिला परत पाठवले, तर तिने ओशाळे होऊ नये, आणि तुम्हीही ‘राहू दे’ म्हणून विषय सोडू नये. आपल्याकडे बायका स्वतःच्या तपासणीसाठी दवाखान्याची पायरी सहसा चढत नाहीत, त्यामुळे या निमित्ताने तिचा पांडुरोग, म्हणजे रक्ताची कमतरता, कळला तर लगेच औषध सुरू करा. अकरा वर्षांच्या बहिणीला रक्त देता येणार नाही, पण कॉलनीतल्या दात्यांची नावे, रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख एका वहीत लिहून ठेवण्याचे काम तिच्याकडे द्या. तीन महिन्यांनी तीच वही उघडून ती पुन्हा फोन करील. मोठ्यांना नाही म्हणणे सोपे असते. लहान मुलीचा फोन आल्यावर काकालोक मुकाट्याने रक्तपेढीत येतात, हा माझा अनुभव आहे. आजीच्या जास्तीच्या भाजणीची सोय इथेच होते, कारण रक्त देऊन आलेल्यांना चहाबरोबर चकली कुणीतरी द्यायला हवीच.

दुसरे काम तुमच्या कराडच्या आसपासच आहे. दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून, तशीच मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड करणारी कुटुंबे आपल्याकडे उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, जिला तिथे ‘कोयता’ म्हणतात, पुढचे चार-पाच महिने फडात राबते, आणि घर म्हणजे रानात उभी केलेली कोपी, म्हणजे झोपडी. अनेकांची दिवाळी त्या कोपीतच किंवा वाटेवरच्या ट्रॅक्टरवर होते. तिथेही फराळाची पाकिटे घेऊन धावू नका. आम्ही एकदा तसे गेलो, तेव्हा एका बाईने पाकीट घेतले, आभार मानले आणि मग विचारले की पुढच्या वेळी बॅटरी मिळेल का, कारण पहाटेच्या अंधारात उसात शिरताना पायाखाली काय आहे ते दिसत नाही आणि कोपीत तान्हे मूल एकटे असते. तिने विचारले नसते तर आम्ही चिवडाच वाटत राहिलो असतो. बॅटऱ्या, चादरी, लहान मुलांचे स्वेटर, तापाची आणि जखमेची साधी औषधे देता येतील. पण आधी तुझ्या आईने आणि आजीने जाऊन बायकांशी बोलावे, कारण पुरुषांसमोर त्या आपली खरी अडचण सांगत नाहीत.

त्याहून मोठे काम दिवाळीनंतरचे आहे. या कुटुंबांबरोबर आलेल्या मुलांची शाळा गावाकडेच सुटते आणि मोठी मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत कोपीपाशी बसून राहते. शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षाच्या मध्येही जवळच्या शाळेत प्रवेश मिळतो आणि दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. हे त्या आई-बापांना बहुधा ठाऊक नसते आणि ठाऊक असले तरी तोड बुडवून शाळेत जायला त्यांना वेळ नसतो. सुट्टी संपून जिल्हा परिषदेची शाळा उघडेल त्या आठवड्यात तू आणि बाबांनी त्यांच्या संमतीने दोन-चार मुलांना मुख्याध्यापकांकडे घेऊन जावे, आणि मग हंगाम संपेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा ती मुले शाळेत येतात ना, एवढे पाहावे. फोटो काढण्यासारखे यात काही नाही, त्यामुळे या कामाला माणसे कमी मिळतात.

इतक्या बाहेरच्या गोष्टी लिहिल्या, पण तुमच्या घरात रोज येणाऱ्या मावशींचा तुझ्या पत्रात उल्लेखही नव्हता. त्यांना दिवाळीला एक महिन्याचा पगार वेगळा द्यायचा आणि तो धनत्रयोदशीच्या आधी द्यायचा, म्हणजे त्यांना आपल्या मुलांसाठी बाजारात जाता येते. पाडव्याला दिलेले पैसे त्यांच्या दिवाळीला उपयोगी पडत नाहीत. याला कृपा करून समाजसेवा म्हणू नका. कचरा नेणारे, पोस्टमन, रखवालदार यांची दिवाळी पोस्तही त्यांच्या वर्षभराच्या कष्टांपोटीच असते. शिवाय मावशींना सणाचे तीन दिवस भरपगारी सुट्टी द्या आणि फराळाच्या कढया घरातल्या सगळ्यांनी मिळून घासा. सगळ्या कुटुंबाने एकत्र काही करायचे ही तुझी अट त्यात आपोआप पुरी होते, आणि तुझे बाबा झारा कसा धरतात हे बघायला मला आवडेल.

पैशांविषयी थोडेसे. तुमच्या तालुक्यातल्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासह आपले दागिने मोडले, हे तू शाळेत शिकला आहेसच. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण रोज स्वयंपाकाच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याची मुष्टिफंडाची रीत, किंवा महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी दिवाळीत घरोघरी जाऊन जमा केला जाणारा भाऊबीज निधी, या कुठल्याही साध्या घराला परवडणाऱ्या गोष्टी आहेत. बहिणीला ओवाळणी घालताना तेवढीच रक्कम एका डब्यात टाका आणि तो डबा कोणाला द्यायचा ते तिला ठरवू द्या. तिने आधी दोन-तीन संस्थांची माहिती काढावी, त्यांची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी पाहावी, मागच्या वर्षीचा हिशेब मागावा. जी संस्था अकरा वर्षांच्या मुलीला हिशेब दाखवायला कुरकुर करते, तिथे मोठ्यांनीही पैसे देऊ नयेत. मोठी रक्कम रोखीने देऊ नका आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. तिने निवडलेली संस्था तुम्हाला रुचली नाही तरी त्या वर्षी तिचेच ऐका.

जुन्या कपड्यांचे गाठोडे बांधण्याआधी प्रत्येक कपडा आजीला दाखवा. आपल्या पाहुण्याला जो घालायला देताना लाज वाटेल, तो गाठोड्यात घालायचा नाही. त्याचे पायपुसणे करा.

हे सगळे एकाच दिवाळीत करायला जाऊ नका. यंदा रक्तपेढी आणि मावशींचा पगार, एवढ्या दोन गोष्टी नीट करा, आणि कोप्या उभ्या राहिल्या की एकदा नुसते बोलायला जा. रक्तपेढीने सांगितलेले दिवस मला वसुबारसेच्या आत कळव. वयामुळे मला आता रक्त देता येत नाही, पण त्यांपैकी एका सकाळी मी साताऱ्याहून पहिल्या एसटीने येतो. वही लिहिणाऱ्या बाईसाहेबांना रकाने कसे आखायचे ते दाखवायला कुणीतरी हवेच आहे.

आजीला नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझा,
काका