आधी चिठ्ठी, मग स्कॅन

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या कपाटातल्या कवट्यांची थ्रीडी मॉडेलं करणार म्हणतोस, वाचून फार बरं वाटलं. मोबाईल पुरेल का, विचारलंस. कवट्यांना पुरेल. बरणीतल्या नमुन्यांना आत्ताच हात घालू नकोस. काचेतून आणि द्रावातून आकार फसवा दिसतो.

कवटी फिरत्या पाटावर ठेव आणि मागे साधं काळं कापड लाव. मागे भिंत दिसली तर फोटो जोडून मॉडेल करणारं सॉफ्टवेअर तिच्यावरचे डाग धरून बसतं आणि कवटी फिरलीच नाही असं समजतं. पाट थोडा थोडा फिरवत फोटो घे, प्रत्येकात आधीच्या फोटोतला निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे. मग कवटी उलटी करून पुन्हा फेरी. फ्लॅश नको, दात चमकतात. आपल्याकडे पावसाळ्यात व्हरांड्यात ढगाळ उजेड असतो ना, तो या कामाला उत्तम. शेजारी मोजपट्टी हवीच. नुसत्या फोटोंवरून आकार कळतो, माप नाही. पट्टीवाचून उंदीर आणि म्हैस सारखेच.

पण त्याही आधी नमुन्याला लावलेली नोंदीची चिठ्ठी बघ. मी नोकरीला नवा असताना तपासणी येणार म्हणून बरण्या घासून लख्ख केल्या गेल्या आणि कागदी लेबलं धुऊन गेली. बेडूक राहिले. कुठल्या गावचे, कुठल्या साली धरलेले, सगळं गेलं. एकाच्या पायाला दोरा तेवढा होता, त्याला चिठ्ठी नव्हती. अजून आठवलं की जीव तुटतो.

आपल्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाचं उदाहरण घे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि पुढे कित्येक दशकं जगात ते या एकाच गुहेतून माहीत होतं. नमुन्याबरोबर जागेचं नाव टिकलं म्हणून हे आज सांगता येतं. असे प्राणी पुन्हा पुन्हा धरावे लागू नयेत, म्हणूनही मला स्कॅनिंगचं मोल वाटतं.

अमेरिकेत २०१७ ते २०२३ मध्ये अठरा संस्थांनी मिळून तेरा हजारांवर पृष्ठवंशीय नमुन्यांचे सीटी स्कॅन केले. नमुना न कापता आतला सांगाडा दिसतो, कधी पोटातलं शेवटचं खाणंसुद्धा. मॉर्फोसोर्स या संकेतस्थळावर ते खानापुरात बसून बघता येतात. एखादा बेडूक स्क्रीनवर फिरवून बघ, मग आपल्या कपाटाकडे बघ.

चिठ्ठीवरचा क्रमांकच फाईलच्या नावात घाल. पहिली कवटी झाली की मॉडेल नंतर पाठव, आधी तिच्या चिठ्ठीचा फोटो पाठव.

तुझे,
सर