चित्र कळत नाही, मग बघायचं काय?

प्रश्न: अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनाला गेले होते, अर्ध्या चित्रांखाली नुसतं 'शीर्षकहीन' लिहिलेलं. मला काहीच कळलं नाही, माझंच काही चुकतंय का?

उत्तर: अजिबात नाही हो! नाव मुद्दामच देत नाहीत बऱ्याचदा, कारण नाव वाचलं की आपण चित्रात तेच शोधत बसतो. चित्रकार नसरीन मोहमदी (१९३७-१९९०) यांची रेखाटनं बघा, कागदावर शाई आणि पेन्सिलच्या बारीक बारीक रेषा, बस्स, पण जवळ जाऊन बघितलं की कुठे रेष दाट होते, कुठे विरळ, आणि थोड्या वेळाने तो कागद हलतोय असंच वाटायला लागतं, फोटोत हे अर्धंही येत नाही म्हणून तर गॅलरीत जायचं. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंगकामाची चपटी सुरी) वापरून रंग लावायचे, खरवडायचे, खालचा थर वरून झिरपल्यासारखा दिसतो तो त्यामुळे.

सगळी चित्रं बघू नका, दोन-तीनच निवडा. आधी लांबून, मग जवळून, मग परत लांबून. आणि पाच मिनिटं तरी थांबा, मला स्वतःला तिसऱ्या मिनिटानंतरच काहीतरी दिसायला लागतं. माहितीचा बोर्ड शेवटी वाचा.