सर्व रिपॉझिटरींसाठी एकच वेगमर्यादा

प्रश्न : वाचनालयातील फेडोरा (लिनक्सचा एक प्रकार) वापरणारे संगणक अपडेट घेऊ लागले की इतरांचे इंटरनेट मंदावते. वेगमर्यादा प्रत्येक रिपॉझिटरीत (जिथून सॉफ्टवेअर उतरवले जाते त्या साठ्यात) स्वतंत्रपणे लिहावी लागेल का?

उत्तर : नाही. सॉफ्टवेअर व अपडेट बसवणाऱ्या डीएनएफ या साधनाच्या ‘डीएनएफ.कॉन्फ’ या सेटिंग फाइलीतील ‘मेन’ विभागात ‘थ्रॉटल=२००के’ ही ओळ (अर्थात रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत) लिहिल्यास सेकंदाला सुमारे २०० किलोबाइटची मर्यादा सर्व रिपॉझिटरींना लागू होते; मात्र एखाद्या रिपॉझिटरीच्या स्वतःच्या फाइलीत वेगळी मर्यादा दिलेली असल्यास तिच्यापुरती तीच ग्राह्य धरली जाते. टक्केवारीही चालते, परंतु मग ‘बँडविड्थ’ही (उपलब्ध एकूण वेग) नोंदवावी लागते, त्यापेक्षा थेट आकडा बरा. तो ‘मिनरेट’ या किमान वेगाच्या सेटिंगपेक्षा, म्हणजे मूळ नियोजनातील सेकंदाला १००० बाइटांपेक्षा, बराच वर ठेवावा, अन्यथा डाउनलोड संथ समजून मध्येच थांबवले जाईल.