पुण्यात नऊ वर्षं फ्रेंच शिकवलं, आता ब्रॅम्प्टनला आले आहे. घरामागे नवी शाळा उघडतेय. तिथे नोकरी मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला फ्रेंच शिकवत होतात, डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी-२ पातळी आहे, बी.एड. आहे, जानेवारीत पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊन कॅनडाला आलात. घरामागची शाळा सप्टेंबरला सुरू होणार आहे आणि बायोडेटा घेऊन थेट प्रिन्सिपलना भेटावं का, असं विचारलंय. मी याच वाटेने आले. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले, पुण्यातच शिकवलं, २०१६ साली मिसिसागाला आले आणि पक्की नोकरी लागायला चार वर्षं गेली. त्यातली वर्ष-दीड वर्ष तर शाळांच्या ऑफिसात बायोडेटा ठेवत हिंडण्यात गेली. तुमची तेवढी तरी वाचावीत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी त्या नव्या शाळेचं. आपल्या या ओंटारिओ प्रांतात सरकारी शाळेतली नेमणूक शाळेच्या हातात नसते, ती स्कूल बोर्डाच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, नियमांनी होते. नव्या शाळेचे प्रिन्सिपल काही महिने आधी नेमले जातात, पण शिक्षक बहुतेक बोर्डाच्या आतूनच येतात. एखाद्या शाळेत पट कमी झाला की तिथले काही शिक्षक 'सरप्लस' ठरतात, काहींना बदली हवी असते. युनियनशी झालेल्या करारानुसार या लोकांचा हक्क पहिला. हे सगळं वसंत ऋतूतच उरकतं. त्यामुळे जूनमध्ये तुम्ही कुंपणाबाहेरून इमारत बघत असाल तेव्हा आतल्या बऱ्याच जागांवर नावं पडलेली असतात.

तरीही त्या शाळेवर नजर ठेवा, कारण नव्या वस्तीत पटाचा अंदाज हमखास चुकतो. घरांचे ताबे उशिरा मिळतात, कुटुंबं ऑगस्टच्या शेवटी येतात. सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष मुलं मोजून वर्ग पुन्हा जुळवले जातात, त्याला इथे रिऑर्गनायझेशन म्हणतात. एक वर्ग वाढला की फ्रेंचचे तासही वाढतात, आणि ते घ्यायला माणूस लगेच लागतो. तो माणूस बोर्डाच्या बदली शिक्षकांच्या यादीतून उचलतात. तेव्हा खरा प्रश्न, सप्टेंबरपर्यंत तुमचं नाव त्या यादीत असेल का, हा आहे.

यादीत यायला ओंटारिओ कॉलेज ऑफ टीचर्स, म्हणजे ओसीटीचं प्रमाणपत्र लागतं. नावात कॉलेज असलं तरी ही शिक्षकांची नियामक संस्था आहे, डॉक्टरांची मेडिकल कौन्सिल असते तशी. पीआरसाठी पदव्यांचं जे मूल्यांकन करून घेतलंत ते इथे पुरत नाही. ओसीटी स्वतः तपासते आणि गुणपत्रकं विद्यापीठाकडून थेट त्यांच्याकडे जावी लागतात, तुमच्या हातची चालत नाहीत. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. पुण्यात माझ्या भावाने तीन चकरा मारल्या तेव्हा पाकीट निघालं. तुमचं कुणी तिथे असेल तर आजच कामाला लावा.

दुसरी अडचण बी.एड.ची. २०१५ साली ओंटारिओतला शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम चार सत्रांचा झाला आणि वर्गात किमान ८० दिवस सराव अनिवार्य झाला. आपल्याकडचं जुनं बी.एड. एक वर्षाचं. माझं तसंच होतं, म्हणून मला अटींसह प्रमाणपत्र मिळालं: शिकवायला सुरुवात करा, पण ठरलेल्या मुदतीत अमुक अभ्यासक्रम पूर्ण करा. हे पत्र आलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. इतक्या वर्षांच्या कामावर कुणी लाल शेरा मारल्यासारखं वाटलं. पण त्या प्रमाणपत्रावर कामाला लागता येतं, हे लक्षात ठेवा. त्याच्या जोडीला 'फ्रेंच ॲज अ सेकंड लँग्वेज' या शिक्षकांसाठीच्या जादा अभ्यासक्रमाचा पहिला भाग करा. तो १२५ तासांचा असतो, विद्यापीठं ऑनलाइनही घेतात, आणि प्रवेशाआधी तुमचं फ्रेंच तपासतात. ही पात्रता प्रमाणपत्रावर नोंदली गेली की तुमच्या अर्जाकडे बघण्याची नजर बदलते.

बदलते, कारण टंचाई खरी आहे. इंग्रजी शाळांत चौथी ते आठवी फ्रेंच सक्तीचं आहे, पुढे हायस्कूलला फ्रेंचचा एक अभ्यासक्रम (क्रेडिट) पूर्ण करावा लागतोच. त्याच्या वर इमर्शन, म्हणजे इतर विषयही फ्रेंचमधूनच शिकवणं. १९६५ साली क्युबेकमधल्या सेंट लँबर्ट गावात इंग्रजी बोलणाऱ्या आईवडिलांनी हट्टाने सुरू करवलेला हा प्रयोग आता देशभर आहे. नेहमीच्या 'कोअर' फ्रेंचमध्ये आठवीपर्यंत मुलाचे ६०० तास भरायचे असतात, इमर्शनमध्ये ३,८००. एवढे तास शिकवायला माणसं पुरत नाहीत. शिक्षक मिळाला नाही तर प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला 'लेटर ऑफ परमिशन'वर घेण्याची मुभाही बोर्डांना आहे. तुमचा अर्ज अडकलेला असताना हा रस्ता विचारून ठेवायला हरकत नाही, पण तो तात्पुरता आहे.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. एवढी टंचाई असूनही मला पहिल्या मुलाखतीत नाकारलं, आणि ते योग्य होतं. निम्मी मुलाखत इंग्रजीत, निम्मी फ्रेंचमध्ये. फ्रेंचमधला प्रश्न होता: चौथीतला एक मुलगा टेबलाखाली जाऊन बसलाय, म्हणतो मला फ्रेंच येणारच नाही, काय कराल? मी उत्तम फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. व्याकरण त्याला इंग्रजीतून समजावीन, जादा वेळ घेईन, सरावाच्या वह्या देईन, पालकांशी बोलेन. नंतर फोन करून कारण विचारलं तर समितीतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "तुमचं फ्रेंच छान आहे. पण तुम्ही त्या मुलाशी फ्रेंचमध्ये काय बोलाल ते तुम्ही सांगितलंच नाही."

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही. पुण्यात मी फ्रेंचविषयी शिकवत होते. पासे काँपोझे या भूतकाळाचे तक्ते, त्यात 'एत्र' हे साहाय्यक क्रियापद घेणारी क्रियापदं, उताऱ्याचं इंग्रजीत भाषांतर, पेपरात पैकीच्या पैकी. मुलं हुशार होती, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव आणायची. पण माझ्या वर्गात सलग दहा मिनिटं फ्रेंच कधी बोललं गेलं नाही. इथे इमर्शनच्या पहिलीतल्या मुलाशीही शिक्षक फ्रेंचच बोलतात. ओंटारिओचा फ्रेंचचा अभ्यासक्रम २०१३ साली नवा झाला तो ऐकणं आणि बोलणं आधी धरून, आणि त्यामागे भाषेच्या पातळ्या ठरवणारी तीच युरोपीय चौकट आहे जिच्यावर आपली डेल्फ उभी आहे. म्हणजे पाया तुमच्याकडे आहे. सवय नाही, ती लावायची आहे.

मी ती कशी लावली ते सांगते. जवळच्या शाळेत आठवड्यातून दोन सकाळी स्वयंसेवक म्हणून जायला लागले. त्यासाठी पोलिसांकडून 'व्हल्नरेबल सेक्टर चेक', म्हणजे मुलांसोबत काम करणाऱ्यांची पूर्वेतिहासाची तपासणी, करून घ्यावा लागतो, तो तसाही पुढे लागणारच आहे. तिथल्या मादाम (इथे मुलं फ्रेंचच्या बाईंना मादामच म्हणतात) चाळीस मिनिटांत इंग्रजीचा एक शब्द काढत नसत. चित्रं, हातवारे, तेच वाक्य वेगवेगळ्या सुरात. शब्दागणिक हातवारा ठरवून शिकवण्याची एक पद्धतच इथल्या वेंडी मॅक्सवेल नावाच्या शिक्षिकेने बांधली आहे. मला आपल्या बालवाडीतल्या ताईंची अभिनयगीतं आठवली. ज्या मुलाला काही येत नाही त्यालाही एक वाक्य येतं, 'एस्क झ पो आले ओ त्वालेत?' (मी शौचालयात जाऊ का?), कारण ते बोलल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत! मादामनी तेच वाक्य धरून त्या मुलांना खिडकीपाशी, ग्रंथालयात, मित्राशेजारी जायची परवानगी मागायला शिकवलं. एका वाक्यावर तीन आठवडे. टेबलाखालच्या मुलासाठीचं उत्तर मला तिथे मिळालं.

घरी रोज आरशासमोर बसून दहा मिनिटं फक्त वर्गातल्या सूचना फ्रेंचमध्ये बोला. वही काढा, पेन्सिल कुणाची पडली, रांग करा, त्याला का ढकललंस. साहित्याच्या पेपरात उत्तम गुण मिळवलेल्या मला 'पेन्सिलला टोक करून ये' हे पटकन म्हणता येत नव्हतं. शिवाय इथले शब्द ऐकून ठेवा. क्युबेककडचा माणूस सकाळच्या नाश्त्याला देज्यने म्हणतो, दुपारच्या जेवणाला दिने, रात्रीच्याला सुपे. ईमेलला कुरियेल, वीकएंडला फँ द स्मेन. मुलांच्या कानावर दोन्ही पडलं तर चांगलंच.

उच्चाराची काळजी तुम्ही लिहिली आहे. एका खाजगी शाळेत मला फोनवर सांगितलं होतं की पालकांना 'मूळ फ्रेंच' शिक्षक हवेत. त्या दिवशी मी रडले. नंतर बोर्डाच्या प्रशिक्षणात माझ्या शेजारी कॅमेरूनचे एक सर आणि अल्जीरियाच्या एक बाई बसायच्या. दोघांचं सगळं शिक्षण फ्रेंचमध्ये, सरांचा अनुभव वीस वर्षांचा, आणि तेही माझ्यासारखेच कागदांच्या रांगेत. त्यांनाही 'तुमचा उच्चार वेगळा आहे' हे ऐकावं लागलं होतं. तेव्हा मला कळलं की हे आपल्या फ्रेंचबद्दल नाहीच. स्पष्ट बोला, चुकलं तर सुधारून पुढे जा, उसना उच्चार आणू नका. मुलं आठवड्यात सरावतात.

यादीत नाव आलं की सुरुवात बदली शिक्षक म्हणून होते, ऑकेजनल टीचर. पहाटे मशीनचा फोन किंवा ॲपवर निरोप येतो, आज अमुक शाळा. अर्ज 'अप्लाय टू एज्युकेशन' या साइटवरून जातात, तिथे खातं आत्ताच उघडून ठेवा. फ्रेंच येणाऱ्याला कामं भराभर मिळतात. कोअर फ्रेंचच्या शिक्षकाला बऱ्याच शाळांत स्वतःचा वर्ग नसतो. सगळं सामान एका ढकलगाडीवर, आणि दर चाळीस मिनिटांनी दुसऱ्याच्या वर्गात. पाय दुखतात, पण महिनाभरात वीस वर्ग बघून होतात. त्यातून एलटीओ मिळते, म्हणजे कुणी बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर गेलं की काही महिन्यांची सलग जागा. २०१२ ते २०२० या काळात अशा जागा यादीतल्या ज्येष्ठतेवर मिळायच्या, मला त्या रांगेत थांबावं लागलं. तो नियम आता गेला आहे, तुम्हाला त्याचा फायदा होईल. आणि प्रिन्सिपलना भेटायची तुमची इच्छा इथे पुरी होते. दिवसभर त्यांच्या शाळेत काम केल्यावर निघताना पाच मिनिटं भेटा. तुम्हाला शिकवताना पाहिलेल्या इथल्या प्रिन्सिपलचा संदर्भ मिळाला की पुढचं सोपं होतं.

मुलाखतीआधी 'ग्रोइंग सक्सेस' हे २०१०चं मूल्यमापनाचं धोरण नीट वाचा. मुलाला गुण देण्यासाठी तपासणं आणि शिकताना त्याला मदत व्हावी म्हणून तपासणं यांत इथे फरक करतात आणि त्यावर प्रश्न हमखास येतो. विशेष गरज असलेल्या मुलाची वैयक्तिक योजना, आयईपी, कशी वापराल हेही विचारतात. 

कॅथलिक बोर्डंही इथे सरकारी पैशाने चालतात. तिथे अर्जासोबत चर्चच्या फादरचं पत्र मागतात. मडगावहून आलेल्या माझ्या एका मैत्रिणीला त्यामुळे तो रस्ता सोपा गेला, तुम्हाला-मला तो जवळपास बंद. याशिवाय १२ फ्रेंच भाषिक बोर्डं आहेत, तिथे शाळेचा सगळा कारभारच फ्रेंचमध्ये चालतो. शिक्षकांची गरज तिथेही मोठी आहे, पण बी-२वर गणित आणि विज्ञान दिवसभर फ्रेंचमधून शिकवणं जड जाईल. दाल्फ सी-१ ही वरच्या पातळीची परीक्षा करून मग बघा. खाजगी शाळांना ओसीटीची सक्ती नाही. पगार बहुधा कमी असतो, तरी मधल्या काळात वर्गात उभं राहायला मिळतं, आणि घरात बसून उमेद घालवण्यापेक्षा ते मला बरं वाटतं.

तुमचा अनुभव आठवी ते दहावीचा आहे, हे अर्ज करताना आठवणीत ठेवा. ओसीटी वयोगटानुसार पात्रता देते आणि फ्रेंचच्या बहुतेक जागा लहान मुलांच्या आहेत. मी सातवीच्या वरचाच हट्ट धरला होता. आज चौथीला शिकवते आणि हा वर्ग सोडायची इच्छा नाही.

तुमचं बी.एड. कोणत्या वर्षीचं, एक वर्षाचं की दोन, आणि पुण्याहून गुणपत्रकं निघाली का, एवढं लिहा. त्यावरून ओसीटीच्या अर्जात पुढे काय करायचं ते नेमकं सांगता येईल.