व्हेनिसचा कालवा पहिल्यांदा रंगवताना

व्हेनिसचा कालवा रंगवायचा म्हणताय, विषय छान निवडलात, पण पहिल्याच चित्रात अख्खा ग्रँड कॅनाल, म्हणजे तिथला मुख्य कालवा, नको. त्याच्या काठच्या सालूते चर्चचा घुमट, शेजारी दोन घरं, खाली पाणी. पुरे.

- आधी क्षितिजरेषा ठरवा. तिच्या वरचे छज्जे दूर जाताना खाली उतरतात.
- प्रकाश एकाच बाजूने. सावलीतली भिंत एका वॉशमध्ये (पातळ रंगाच्या एका सलग थरात) उरका.
- पाण्याला सरसकट निळा फासू नका! उजळ भिंतीचं प्रतिबिंब किंचित गडद, काळ्या गोंडोलाचं (तिथल्या लांबट होडीचं) किंचित फिकं. आणि प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली पडतं, सावलीसारखं तिरकं नाही. इथे बहुतेक सगळे फसतात.

खिडक्या मोजत बसू नका, व्हेनिस बारीक तपशिलात रंगवणारा चित्रकार कानालेत्तो नंतर. आधी फ्रेंच चित्रकार मोनेची १९०८ची व्हेनिसची चित्रं बघा. लाटांचं पुढच्या चित्रात बघू.